नको म्हणणारा आमदार

भूकंपानंतरच्या वर्षांत माझा गणिताचा क्लास एवढा फुगला होता, की फळा लातुरात आणि शेवटचा बाक औशात. हे ऐकून लोक हसतात. एकच माणूस हसत नसे. माझा शाळेपासूनचा दोस्त, पुढं आमदार झालेला. तो गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "मास्तर, मग औशाच्या पोरांचं उत्तर लातूरला यायच्या आत पुसतोस का फळा?" थापेला अशी इज्जत देणारा माणूस पुन्हा भेटला नाही.

त्याला आमदार मी केलं, असं मी चारचौघांत सांगतो. खरं तर पत्र्यानं केलं. भूकंपात त्याचं गाव आडवं झालं, तेव्हा हा लातुरातलं बिऱ्हाड सोडून गावकऱ्यांबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेला. उन्हाळ्यात त्या पत्र्यावर पापड ठेवला की तेलाशिवाय फुगायचा. लोकांनी ते पाहिलं आणि त्याला निवडून दिलं. पक्ष मात्र विरोधात बसला, आणि विधिमंडळातला नेता कोण यावर भांडण लागलं.

मराठवाड्यातल्या आमदारांची मतं घ्यायला पक्षाचे दिल्लीचे निरीक्षक नांदेडच्या विश्रामगृहावर येणार होते. मी क्लासला सुट्टी देऊन याच्याबरोबर निघालो. मोटारीत तो म्हणाला, "लई हवी हाय रे ती खुर्ची. नव्या गावठाणात घरं हायत, नळ हायत, पाणी न्हाई. नेत्याचं पत्र गेलं की फाईल उठून उभी राहते. नुसत्या आमदाराचं पत्र फाईलखाली जातं."

अडचण एकच होती. नांदेडकडचा गट तिथल्या एका जुन्या आमदाराचा; त्यांना सगळे थोरले म्हणत. थोरले इतक्या वेळा निवडून आले होते, की मतपेटी त्यांना पाहून आपणहून झाकण उघडायची. दोन्ही गट अडून बसले तर नेता बाहेरचा होणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून दोघांचे दोस्त असलेले नांदेडचे एक कापडवाले चाचा मध्ये पडले. लिंबाखाली खुर्च्या टाकल्या. भज्यांच्या पराती येऊन राहिल्या होत्या.

थोरले म्हणाले, "नेता तुमचा होऊ द्या. उपनेता आमचा."

"कबूल," मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

"प्रतोदही आमचा."

"मग आमच्या हाती काय? सतरंजी?"

"सतरंजी उचलणारा बी आमचाच हाय, मास्तर."

चाचा हसून मला म्हणाले, "मियाँ, भजी थंडी होऊन राहिली. उपनेता यांचा, प्रतोद तुमचा. घाला हातात हात." थोरल्यांनी हात दिला. "शब्द दिला," एवढंच बोलले. त्यांचा शब्द म्हणजे किल्ल्याचा बुरूज.

निरीक्षकांनी आधी माझ्या दोस्ताला आत बोलावलं. दारात तो थबकला. "मास्तर, चल की. माझी हिंदी कच्ची हाय." मी म्हणालो, "मी कशाला मोठ्यांच्या मधी?" आणखी दोनदा म्हणाला असता तर गेलो असतो. पण शिपायानं दार लावून घेतलं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा आमच्याकडं हावरट. जेवताना भाकरी हवी असली तरी दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा वाढणारीचा मान राखून ताट पुढं करायचं. सोयरीक असो, सरपंचकी असो, रीत तीच. मुंबईला लग्नाला गेलो तेव्हा या रीतीपायी मी उपाशी परत आलो आहे. तरी शहाणपण आलं नाही.

आत काय झालं ते त्यानं नंतर सांगितलं. निरीक्षकांनी विचारलं, "आप नेता बनना चाहेंगे?" हा हात जोडून म्हणाला, "मेरेकू कायकू साहब, हमारे बडे हैं ना." आणि आग्रहाची वाट पाहत बसला. साहेबांनी वहीत लिहिलं आणि म्हणाले, "धन्यवाद."

मग थोरले आत गेले. त्यांनी शब्द पाळून याचंच नाव घेतलं. साहेब म्हणाले, ते तर तयार नाहीत, मग आपण? दिलेला शब्द मोडून स्वतः कसं हो म्हणायचं? थोरले म्हणाले, "आप जो ठीक समझो."

दोन दिवसांनी मुंबईत, नेता दिल्लीनंच ठरवावा, असा एका ओळीचा ठराव झाला, दिल्लीहून नाव आलं. माणूस तिसराच. आमच्या जिल्ह्यांत तो फक्त हेलिकॉप्टरातून येऊन गेला होता.

पण नांदेडहून परतताना हे पुढचं माहीत नव्हतं. याला कळलं होतं बहुतेक. वाटेतल्या रेल्वे फाटकात मोटार थांबली, तो डबे मोजत बसला. मग म्हणाला, "साहेब चांगला माणूस हाय. त्याला वाटलं, मी खरं बोलून राहिलो."

"परत जाऊ. सांगू हवंय म्हणून."

"मागून घेऊ?" तो म्हणाला. मीही मोटार वळवायला सांगितली नाही. आज सांगेन. गाडी उलटी लातूरपासून नांदेडपर्यंत ढकलत नेईन.

नव्या गावठाणात बाया घागरी बाजूला ठेवून वाटेवर उभ्या होत्या. त्यानं उतरून खरं सांगितलं. एक म्हातारी त्याच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "एकदाच तर इचारलंय, दादा. अजून दोनदा इचारतील की."

पुन्हा कुणी विचारलं नाही. पुढच्या निवडणुकीत तो पडला, आणि पाणी गावाला यायच्या आधीच वारला. मी अजून शनिवारी क्लास सुटला की त्या गावाला जातो. ओट्यावर बसतो. चहा आला की पहिल्याच वेळी घेतो.