ग्रिझेल पर्व्हिस आणि दुसरा आकडा

स्कॉटलंडच्या काठावरल्या आमच्या कोल्डस्ट्रीममध्ये ग्रिझेल पर्व्हिसचा आवाज तिच्या मासळीच्या गाडीच्या आधी पोचतो. बत्तीस वर्षं ती सरहद्दीवरल्या नदीच्या दोन्ही काठांवर हॅडक विकते आहे. स्कॉटलंडात असो वा इंग्लंडात, वजन तेच आणि शिव्याही त्याच.

नवऱ्याची, वॅटची, मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून ती त्याला आठवड्यातून तीनदा पूल ओलांडून इंग्लंडातल्या छोट्या डायलिसिस केंद्रात नेते. दहा मिनिटांचा रस्ता. वॅट आत शिरला की नर्सा म्हणतात, "आला बघा आमचा हॅडक!"

मग लंडनच्या संसदेत इंग्लंडातली अशी छोटी केंद्रं बंद करणारा कायदा आला. आमच्या बाजूचं केंद्र दीड तासावर, आणि चार तास यंत्राला जोडलेला वॅट घरी येतो तेव्हा त्याला जिना चढवत नाही. छोटी केंद्रं वाचवणारी एक दुरुस्ती तेवढी मताला येणार होती. ग्रिझेलने आमचे खासदार डगल हेस्टी यांना गाठलं.

"हेस्टीसाहेब, आजारी पडलात तरी मताला जायचं. मेलात तर मी नेईन. गाडीत बर्फ आहे."

हेस्टी मुकाट्याने लंडनला गेले.

मतदानाच्या दिवशी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात टीव्हीसमोर बसलो. बाजूने तीनशे सहा, विरुद्ध दोनशे सत्त्याण्णव! ग्रिझेलने वॅटचा मुका घेतला, मग चुकून माझाही. ती स्कोनवर लोणी फासत होती, तेवढ्यात सभापतींनी दुसरा आकडा वाचला. फक्त इंग्लंडच्या सदस्यांचा. बाजूने दोनशे एकवीस, विरुद्ध दोनशे ऐंशी. दुरुस्ती फेटाळली.

"हा दुसरा कुठून काढला?"

"इंग्लंडपुरत्या कायद्याला त्यांचंही बहुमत लागतं आता," वॅट म्हणाला. "थोडं खरं आहे त्यांचं. आपल्या शाळांचं आपली स्कॉटिश संसद ठरवते, त्यांना कुठे विचारतो?"

"मेल्या, तुझं रक्त तिकडे धुतात आणि तू त्यांची वकिली करतोस!"

तिने हेस्टींना फोन लावला.

"बाई, माझं मत मोजलं होतं हो."

"मोजलं आणि फेकलं! मासा तागडीत घालून वजन सांगायचं आणि परत टोपलीत टाकायचा? मी असं केलं असतं तर गिऱ्हाइकाने माझेच खवले काढले असते!"

शनिवारी तिने वॅटला घेऊन पलीकडच्या इंग्लिश खासदारांची, फेदरस्टनसाहेबांची, भेट घेतली.

"वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण तुम्ही माझ्या मतदार नाही. हेस्टींना भेटा."

"त्यांचं मत तुम्ही चालू देता का?"

"तसा नियम आहे."

"नियम केला कोणी? मी?"

साहेबांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं. ती बाहेर पडली आणि त्याच दुपारी पुलापलीकडे, घरापासून जेमतेम अर्ध्या मैलावर, एक जुना कॅरॅव्हॅन, चाकांवरचं घर, भाड्याने घेतला. रग्बीत इंग्लंड हरलं की जन्मभर त्या आनंदात प्यालेला वॅट दारातच अडून बसला.

"मी इंग्लंडात झोपणार नाही!"

"मरशील स्कॉटलंडात. चल."

तिकडच्या मतदार यादीचा अर्ज भरताना तिने पेन इतकं दाबलं की कागद फाटला. तिने दुसरा मागितला. नाव यादीत लागलं त्या शनिवारी फेदरस्टनसाहेबांच्या दारापुढे ती पहिली उभी होती, आणि साहेब यायला अजून दीड तास होता.