वाळ्याची बेटं

कूलरच्या ताटीतून ओल्या वाळ्याचा वास आला की मला स्वस्थ बसवत नाही. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात किन्हीराजा गावाकडच्या डोंगरात सागाला पान उरलं नव्हतं, पण एका घळीत जमीन आपोआप पाझरायची. तेवढ्याच जागी उंबर आणि जांभूळ हिरवेगार, खाली लव्हाळा, दगडांच्या फटीत नेचे आणि पाण्याच्या काठाला वाळ्याची दाट बेटं. तिथं खणायचं नाही, वाटीनं पाणी भरायचं, हा गावाचा रिवाज. त्या सकाळी मी आणि सासू घागर भरून निघणार, तेवढ्यात धाकटा दीर कुदळ घेऊन आला. "हे गवतच सारं पानी पिऊन राह्यलं," म्हणत त्यानं वाळा उपटायला सुरुवात केली. पाणी काही वाढलं नाही. उलट काठ ढासळला आणि सगळा चिखल झाला. "काहून उपटलं रे? या मुळायनंच माती धरली होती!" सासू ओरडली. तिनं उपटलेली बेटं पायानं चिखलात रोवली आणि भरलेली घागर त्यांच्यावर उपडी केली. "आत्याबाई, घरी लेकरू तहानेलं हाये!" मी किंचाळले. "त्याले उद्या बी तहान लागन," ती म्हणाली. रिकामी घागर उचलून मी तिच्या पुढं झपाझप घरी आले. दारात लेकरू कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत उभं होतं. पुढच्याच आठवड्यात आम्ही सगळ्यांनी कामासाठी गाव सोडलं. वाळ्यानं पुन्हा मूळ धरलं की नाही, ते कधी कळलंच नाही. आता कूलर लागला की घरातले म्हणतात, काय गारवा आहे! मी मात्र उठते आणि माठाचं झाकण उघडून बघते.