‘चुकून’ पुसलेली हजेरी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्तीनंतर माणूस थंड होतो म्हणतात. मी झालो नाही. खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं, पण एवढी चीड मला कधी आली नव्हती. या प्रकरणात कुणाच्या हातात साधी काठीसुद्धा नव्हती. होता तो एक संगणक आणि त्यावर लिहिलेल्या जेमतेम चाळीस ओळी.

त्या वेळी मी सोलापुरात ज्या पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो, त्याच्या हद्दीत औद्योगिक वसाहतीचा मोठा भाग येत होता. एके दिवशी दुपारी सिव्हिल हॉस्पिटलमधून वर्दी आली. टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवायच्या मशीनचं झाकण दाबाखाली असताना उघडलं आणि उकळतं पाणी अंगावर येऊन एक कामगार भाजला. संध्याकाळी तो मरण पावला. वय चौतीस. नियमाप्रमाणे अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, इन्क्वेस्ट पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेलो. कारखानदार साधारण पन्नाशीचा, बोलायला मऊ. म्हणाला, “फार वाईट झालं हो. पण हा माणूस आमचा नव्हेच. कुणाला तरी भेटायला आला असेल आणि चुकून डाईंग खात्यात शिरला असेल. आमच्या रोलवर त्याचं नाव नाही.”

मी परत आलो तेव्हा ठाण्याच्या बाकावर मयताची बायको बसली होती. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातली. नवरा गावची मेंढरं भावाच्या हवाली करून इथे कामाला आलेला. तिला मी कारखानदाराचं म्हणणं सांगितलं. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “सा वर्सं हितंच कामाला व्हते, साहेब. रोज सकाळी डबा बांधून द्यायची मी. मग ते रोज कुटं जात व्हते म्हनायचं?”

मी म्हणालो, “बाई, हजेरी मागवतो. अंगठ्याचं मशीन आहे तिथे. खरं-खोटं कळेल.”

आणि मी कारखान्याला पत्र दिलं. डाईंग खात्याची हजेरी, मशीनच्या दुरुस्तीच्या नोंदी, दोन दिवसांत सादर करा. पत्रावर जावक क्रमांक टाकला, पोच घेतली, सगळं रीतसर केलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीतला मी माणूस, आणि ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्याच हातात दोन दिवस ठेवून आलो. चोराला ‘परवा झडती घ्यायला येतो’ असं कळवण्यासारखंच होतं ते.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. संगणक चालवणाऱ्या मुलीकडून चुकून फायली डिलीट झाल्या, त्यामुळे हजेरी आणि दुरुस्तीच्या नोंदी उपलब्ध नाहीत, क्षमस्व. सोबत त्या मुलीच्या सहीचा माफीनामा.

मी तिला बोलावलं. शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली तेलुगू मुलगी. बी.कॉम. झालेली, वय पंचवीसच्या आसपास. महिला हवालदार शेजारी होत्या. मी तिच्यावर ओरडलो. दोन तास एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजात विचारला. ती एवढंच म्हणत राहिली, “मी नाही पुसलं, सर. माफीनामा लिहून दे म्हणाले, म्हणून लिहिला.”

“कुणी सांगितलं म्हणून कुणी माफीनामा लिहितं का?” मी विचारलं.

“नोकरी लागते, सर,” ती म्हणाली.

तिचा जबाब नोंदवला आणि तिला सोडलं.

पुढच्या दिवशी ठाणे अंमलदार अजून डायरी उघडून बसत होता तेवढ्यात ती परत आली. सोबत वडील होते. आयुष्यभर यंत्रमागावर काम केल्यामुळे त्यांना ऐकू कमी येत होतं आणि ते स्वतः मोठ्याने बोलत होते. “साहेब, माझी पोरगी काल घरी येऊन जेवली नाही,” ते म्हणाले. “तिला काय सांगायचंय ते ऐकून घ्या. ऐकल्यावर मग आत टाका, मी काही बोलणार नाही.”

मला ते लागलं. मी दोघांना बसवलं आणि त्या मुलीला म्हणालो, “बोल.”

तिने पर्समधून कागद काढला. त्यावर चार चौकोन काढले होते.

“सर, ऑफिसात तीन कॉम्प्युटर आहेत. माझा, टाइमकीपरचा आणि मॅनेजरचा. तिन्ही विंडोजचे. चौथा सर्व्हर. तो आतल्या खोलीत असतो आणि तो लिनक्स नावाच्या वेगळ्या सिस्टीमवर चालतो. हजेरी चारही ठिकाणी असते. माझ्या हातून चुकून माझ्या कॉम्प्युटरवरची जाईल. चारही ठिकाणची कशी जाईल? तीसुद्धा एकाच मिनिटाला?”

“एकाच मिनिटाला, हे तुला कसं माहीत?”

“मी समोर बसले होते, सर. तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, अकरा वाजून गेले होते. माझ्या स्क्रीनवर काळी खिडकी आपोआप उघडली. ओळी पळाल्या आणि बंद झाली. तेवढ्यात टाइमकीपर काका ओरडले, फोल्डर गेला म्हणून. मॅनेजर साहेब मात्र उठलेसुद्धा नाहीत.”

मी तिला विचारलं, हे काल का नाही सांगितलंस? उत्तर मला माहीत होतं. काल मी तिला बोलूच दिलं नव्हतं.

त्याच दिवशी दोन पंच घेऊन आम्ही कारखान्यात गेलो आणि चारही यंत्रं सीलबंद करून जप्त केली. जप्ती चालू असताना मला दोन फोन आले, दोन्ही ‘वरून’. एकाने विचारलं, अकस्मात मृत्यूला एवढी धावपळ कशाला? मी म्हणालो, साहेब, लेखी द्या. लेखी आलं नाही.

सायबर शाखेत मोहोळची एक महिला शिपाई होती. डिप्लोमा केलेली, बोलणं तुटक, कामात वाघ. तिने डिस्कची नक्कल काढून तपासली आणि तीन दिवसांनी मला बोलावलं.

“सर, हे माणसाने बसून एकेक पुसलेलं नाही. स्क्रिप्ट चालवलीय. म्हणजे कामांची लेखी यादी. संगणक ती वाचतो आणि तसं करत जातो.”

“चुकून चालली असेल?”

ती हसली. “सर, विंडोजला फाईल पुसायला सांगायची भाषा वेगळी, लिनक्सची वेगळी. फोल्डरचा पत्ता लिहायची रीतसुद्धा वेगळी. एकाचा हुकूम दुसऱ्याला कळत नाही. ही स्क्रिप्ट आधी विचारते, मी कुठल्या सिस्टीमवर आहे? मग तिच्या भाषेत हुकूम देते. पुढचं बघा. विंडोजवर फाईलला ‘बदलू नये’ अशी खूण करता येते. तशी खूण असली की फाईल सहजी पुसली जात नाही. स्क्रिप्टमध्ये लिहिलंय, आधी खूण काढ, मग पूस. आणि शेवटी, काही अडलं तर संदेश दाखवू नकोस, पुढे चल.”

मी ते तीनदा वाचून घेतलं. आमच्या खात्यात सगळ्यात अवघड काय असतं, तर हेतू सिद्ध करणं. इथे हेतू ओळीओळीने लिहून ठेवला होता. कुलूप असेल तर तोड आणि आवाज करू नकोस. घरफोडीत दुसरं काय असतं?

“मग सगळं गेलं?” मी विचारलं.

“तिथेच गंमत आहे, सर. विंडोजवरचं गेलं, थोडे तुकडे हाती लागलेत. पण लिनक्स लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरतो. विंडोजला दोन्ही सारखीच. डाईंगच्या फोल्डरचं नाव सर्व्हरवर मोठ्या ‘डी’ने आहे. स्क्रिप्टमध्ये लहान ‘डी’ आहे. लिनक्सने त्या नावाचा फोल्डर शोधला, सापडला नाही. संदेश दाखवायचा नाही असं सांगितलेलं, म्हणून कुणाला कळलंही नाही. अख्खा फोल्डर जसाच्या तसा आहे.”

तिने फोल्डर उघडला. सहा वर्षांची हजेरी. अपघाताच्या दिवशीसुद्धा सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी त्याचा अंगठा लागलेला. मग दुरुस्तीच्या तक्रारींची यादी उघडली. ‘झाकणाचा लॉक धरत नाही, दाब असताना उघडतं.’ गेल्या सहा महिन्यांत तीन वेळा नोंद, तीन वेगवेगळ्या महिन्यांत. तिन्ही वेळा तक्रार करणाऱ्याच्या रकान्यात त्याच माणसाचं नाव होतं, आणि कार्यवाहीचा रकाना तिन्ही वेळा रिकामा.

ज्या झाकणाने त्याचा जीव घेतला, त्याबद्दल तो सहा महिने सांगत होता. आणि मेल्यावर हे म्हणत होते, हा माणूस आमचा नव्हेच.

मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो.

कारखान्याचे संगणक सांभाळण्याचं कंत्राट एका तरुणाकडे होतं. शिकलेला, तिशीतला, नवी पेठेत वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस. घरबसल्या कारखान्याच्या संगणकात शिरायची सोय त्याच्याकडे होती. त्याला चौकशीला बोलावलं तेव्हा तो इस्त्रीच्या शर्टात, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून आला आणि मला समजावू लागला.

“सर, जुना डेटा काढणं हे रुटीन आहे. मी हजार ठिकाणी करतो. पण हे मी केलेलं नाही. ती मुलगी नवखी आहे.”

चौकशीत एक गोष्ट मी अनुभवाने शिकलो होतो. अडाणी माणूस मार आठवून घाबरतो. शिकलेला माणूस घाबरत नाही, त्याला आपल्या हुशारीवर भरवसा असतो. म्हणून त्याच्या गुन्ह्यावर बोलायचं नाही, त्याच्या हुशारीवर बोलायचं.

मी शिपाई मुलीकडे वळून म्हणालो, “काय गं, ज्याने केलं त्याला काही येत नव्हतं म्हणालीस ना?”

“हो सर. सर्व्हरवरचा फोल्डर तसाच राहिलाय.”

“शक्यच नाही,” तो तरुण म्हणाला. “ती स्क्रिप्ट दोन्हीकडे चालते.”

त्याला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. शिपाई मुलीने शांतपणे सांगितलं, मोठा ‘डी’. त्याने कपाळावर हात मारला. “अरे, नावं लहान अक्षरात करून तपासायला हवी होती.”

बत्तीस वर्षांत मी आरोपीवर हात उचलणं केव्हाच सोडलं होतं. त्या दिवशी पुन्हा उचलला असता. एक माणूस भाजून मेला होता, त्याचं नाव मिटवायला हा बसला होता, आणि त्याला वाईट कशाचं वाटत होतं, तर एका अक्षराची चूक राहिली याचं.

“तुला माहीत होतं ना तो मेलाय?” मी विचारलं.

“मला फोल्डरचं नाव दिलं होतं, सर. आत कोण आहे ते बघणं माझं काम नाही.”

पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून त्याचा लॅपटॉप जप्त केला. त्यात स्क्रिप्टची मूळ प्रत होती आणि खोट्या फायली भरलेला एक फोल्डर, ज्यावर त्याने तालीम केली होती. तालमीची वेळ माझं पत्र कारखान्यात पोचल्यानंतर चार तासांची. कारखानदाराचे त्याला गेलेले फोनही त्याच चार तासांतले. दोघांवर पुरावा नष्ट केल्याचा आणि कारखानदारावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला. अटक झाली. लवकरच दोघे जामिनावर सुटले. कारखाना एक दिवसही बंद राहिला नाही.

मयताच्या बायकोला बोलावून मी तक्रारीच्या नोंदी वाचून दाखवल्या. तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “घरी बी सांगायचे. झाकान नीट न्हाय म्हनायचे. मी म्हनलं, सोडा की ते काम. तर म्हनले, लिवून दिलंय, करत्याल.”

लिहून दिलंय, करतील. या तीन शब्दांवर त्याचा भरवसा होता.

एक गोष्ट मी वर सांगितली नाही. लिहिताना टाळली, पण टाळून चालणार नाही.

पहिल्या दिवशी त्या मुलीचा जबाब नोंदवला, तेव्हा ती म्हणत होती, मी नाही पुसलं. जबाब लिहून घेणारा रायटर माझ्याकडे बघत होता. मी त्याला सांगितलं, लिही, ‘माझ्या हातून चुकून फायली डिलीट झाल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ हे वाक्य तिने उच्चारलं नव्हतं. ते माझं होतं. प्रकरण लवकर मिटावं म्हणून घातलेलं. साक्षीदाराच्या जबाबावर आपण सही घेत नाही, पण कागद फाईलला लागतो आणि कायमचा लागतो.

मी निवृत्त झाल्यावर खटला उभा राहिला. ती मुलगी साक्षीला पुण्याहून आली. तिथे तिला नोकरी लागली होती, कारण सोलापुरात तिला कुणी कामावर घेत नव्हतं. बचावाच्या वकिलांनी तो जबाब काढला आणि तेच वाक्य तिला चार वेळा वाचून दाखवलं. “हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं की नाही?” ती म्हणत राहिली, नाही. वकील म्हणाले, “मग पोलीस खोटं लिहितात का?”

तिने मागे वळून पाहिलं. मी बाकावर बसलो होतो.

माझी साक्ष झाली तेव्हा मी सांगितलं, ते वाक्य माझं आहे, तिचं नाही. सरकारी वकील माझ्यावर चिडले, त्यामुळे केस कमजोर झाली म्हणाले. असेल. निकाल अजून लागलेला नाही.

नव्या अधिकाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. पुरावा मागू नका, जप्त करा. आणि साक्षीदाराच्या तोंडी आपलं वाक्य घालू नका. त्या तरुणाने केलं ते आणि मी केलं ते, यांत कायदा फरक करतो. त्या मुलीने का करावा, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.