डहाणूहून एका बाईचा फोन

मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी काही वर्षं काढली, पण ज्यांचे फोन जोडून दिले त्यांतल्या एकाचाही चेहरा मी कधी पाहिला नाही. लांबलचक हॉलमध्ये आम्ही मुली ओळीनं बसायचो आणि सुपरवायझरबाई पाठीमागून फेऱ्या घालायच्या. ठरलेल्या दोन-तीन वाक्यांपलीकडे गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही, असा नियम होता. संध्याकाळी कानावरचा हेडफोन काढला की दिवसभराचे आवाज तिथंच राहायचे.

लग्नानंतर माझ्या यजमानांना तलासरीच्या शाळेत नोकरी लागली. दादरला दिरांच्या दोन खोल्यांत आम्ही सगळे दाटीवाटीनं राहत होतो, त्यामुळे त्यांनी फार विचार केला नाही. मी बदली मागितली. डहाणूच्या एक्स्चेंजमधली जागा तेव्हाच रिकामी झाली होती, ती मिळाली. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आम्ही स्टेशनच्या बाजूला बिऱ्हाड केलं. हे सकाळच्या एसटीनं तलासरीला जायचे, मी चालत एक्स्चेंजला.

एक्स्चेंज म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत बोर्ड, बाहेरच्या खोलीत बाकडं आणि कोपऱ्यात लोकांना ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा फोन, करण्यासाठी लाकडी कपाटासारखी एक बंद जागा. गावात फोन होते ते राईस मिलवाले, लाकडाचे आणि गवताचे व्यापारी, चिकूच्या वाड्यांचे मालक, डॉक्टर आणि सरकारी कचेऱ्या यांच्याकडे. कुणी फोनचा दांडा फिरवला की बोर्डावर त्याच्या नंबरावरची पत्र्याची छोटी झडप खाली पडायची. नंबर कुणीच सांगत नसे. "डॉक्टरांना द्या," "मिलला द्या," एवढंच.

मी मुंबईचीच पद्धत चालू ठेवली. "नंबर काय?" असं विचारायची. डॉक्टरांकडे कुणी उचललं नाही तर "उत्तर मिळत नाही" म्हणून लाइन काढायची. माझ्या आधीचा ऑपरेटर, डॉक्टर गंजाडला गेलेत, दुपारपर्यंत येतील, असं सांगायचा. तो सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायचा आणि इकडचं तिकडंही करायचा. लोकांना ते आवडायचं. नवीन बाई शिष्ट आहे, असं महिन्याभरात गावभर झालं. आमच्या इन्चार्जसाहेबांनी, ते निवृत्तीला आलेले शांत गृहस्थ होते, मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, डॉक्टर कुठे गेलेत ते सांगायला हरकत नाही. बाकीचं तुमचं चालू द्या." मग मी तेवढं सांगू लागले.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. इथं आवाजाला चेहरा होता. कापडाच्या दुकानात मी खणाचा भाव विचारला की शेठ मान वर न करताच म्हणायचे, "एक्स्चेंजच्या बाई ना? आवाज ओळखला." मीही त्यांचा आवाज ओळखलेला असायचा. बोलणं संपलं की नाही हे पाहायला ऑपरेटरला मधेच कान द्यावा लागतो, त्यात दोन-चार वाक्यं कानावर पडतातच. सकाळी कानावर पडलेलं माणूस संध्याकाळी बाजारात समोर उभं राहायचं, आणि मला कुठं पाहावं ते कळायचं नाही. त्यालाही कळत नसावं.

राईस मिलच्या मालकांचे मुंबईला बरेच फोन असायचे. त्यांच्या मुलीचं लग्न मुंबईला ठरलं होतं, साखरपुडा झाला होता. अधूनमधून ते मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांचाही नंबर मागायचे. मुलीला फिट यायच्या. हे मला ठाऊक झालं होतं आणि मी ते कुणाजवळ बोलले नव्हते. यजमानांजवळसुद्धा.

एका दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा ती मुलगी एकटीच एक्स्चेंजला आली. विशीची असेल. डोक्यावरून पदर घेतला होता. तिनं मुंबईचा नंबर दिला, लग्न ठरलेल्या मुलाच्या ऑफिसचा. मी ट्रंक कॉल लावला आणि ती बाकड्यावर बसून राहिली. बराच वेळ लाइन मिळेना. तेवढ्या वेळात ती दोनदा उठून दारापर्यंत गेली आणि परत आली.

लाइन लागली तेव्हा ती आत शिरली. त्या कपाटाचं दार नीट लागायचं नाही, आणि ट्रंकवर ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जात नसे. तिला एकेक वाक्य दोन-दोनदा सांगावं लागलं.

"मला फिट येतात. फिट. लहानपणापासून. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतेय. लग्नाआधी तुम्हाला माहीत असायला हवं."

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामानं भिजला होता. पैसे देताना तिनं मला विचारलं, "ऐकलंत?"

"आम्ही ऐकत नाही," मी सवयीनं म्हटलं.

"ऐकलंत तरी चालेल. सांगू नका."

मी मान हलवली. ती निघून गेली.

आठवडा झाला असेल नसेल, लग्न मोडल्याची बातमी गावात आली. त्यानंतर मिलमालक एक्स्चेंजला आले. उंच, खादीचा सदरा घालणारे गृहस्थ. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते बोर्डाच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, माझ्या घरातली गोष्ट मुंबईला कशी पोचली?"

"मला माहीत नाही, असं मी म्हणणार नाही," असं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी गिळलं. म्हटलं, "मी कुणाला काही सांगितलं नाही."

"मुलगा म्हणतो, डहाणूहून एका बाईचा फोन आला होता. तिचं नाव मात्र तो सांगत नाही. डॉक्टरांशी माझं बोलणं तुमच्याशिवाय कुणाच्या कानावर गेलं?"

मला तिथंच कळलं की त्या मुलानं तिचं नाव झाकलं होतं. सोयरीक मोडली, ती घरच्यांनी मोडली असेल किंवा त्यानं, पण मुलीला बापाच्या रागातून त्यानं वाचवलं. त्यामुळे आता आळ माझ्यावर आला होता. बोर्डावर झडपा पडत होत्या. मी जोडण्या करत राहिले. एक जोडणी चुकली. मी ती पुन्हा जोडली तोवर मिलमालक गेले होते.

मग गाव बदललं. फोनवर दोन माणसं बोलू लागली की एक म्हणायचं, "आता राहू दे, बाई ऐकतायत." दुकानात शिरले की बोलणं थांबायचं. आमच्या घरमालकीणबाई गुजराती वळणाचं मराठी बोलायच्या. मी त्यांना मावशी म्हणायची. संध्याकाळी त्या ओटीवर माझ्याशी गप्पा मारायला यायच्या, ते बंद झालं. एका सकाळी त्यांनी पाणी भरता भरता सांगितलं, "बेन, माझा भाचा येणार आहे राहायला. तुमी दुसरी जागा बघा."

"भाचा कधी येणार, मावशी?"

"महिनाअखेर," त्या म्हणाल्या आणि कळशी उचलून आत गेल्या. भाच्याचं नाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सरळ तोंडावर विचारलं ते फक्त मासळीवालीनं. ती खाडीवरून टोपली घेऊन यायची. तिनं बोंबील मोजायच्या आधी विचारलं, "तूच सांगितलास काय गो त्या मुंबईवाल्यांना?"

"नाही."

"मग झालं," असं म्हणून तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. त्या दिवशी मी जास्त मासळी घेतली. घरात नंतर मला रडू आलं.

तलासरीच्या शाळेतही हे पोचलं होतं. यजमान एक दिवस जेवता जेवता थांबले आणि ताटाकडे बघत म्हणाले, "तो फोन तू नाही ना केलास?"

मी हातातली पळी खाली ठेवली. त्यांनी विचारावं, हेच मला सहन झालं नाही.

"अगं, मी फक्त विचारलं."

"तुम्हाला विचारावं लागलं."

"मग लोकांना सांग तरी कोण होतं ते. तुला माहीत आहे, मला दिसतंय."

"नाही सांगणार."

ते उठून हात धुऊन आले. म्हणाले, "मग मुंबईला परत जाऊ. दादाकडे राहू काही दिवस." मला मोह झाला, हे खरं आहे. हॉलमधली ती ओळ, ते बिनचेहऱ्याचे आवाज, घरी गेलं की कुणी ओळखत नाही. पण आता गेले असते तर मीच केलं असं ठरलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या मुलीचा राग येत होता. ती मिलच्या वरच्या घरात खिडकी लावून बसली होती आणि मी रोज त्याच रस्त्यानं कामाला जात होते.

महिना संपत आला. मिलमालक पुन्हा आले, या वेळी कापडवाले शेठ आणि लाकडाचे एक व्यापारी यांना घेऊन. माझी बदली करावी असं इन्चार्जसाहेबांनी वर कळवावं, अशी त्यांची मागणी होती. साहेबांनी मला बोलावलं आणि स्वतः बोर्डापाशी जाऊन बसले. मी त्या तिघांसमोर उभी राहिले. कुणी बसा म्हणालं नाही.

लाकूडवाले म्हणाले, "देवाची शपथ घ्या, की तुम्ही फोन केला नाही."

"शपथ कशाला? मी केला नाही."

"मग कुणी केला?" मिलमालकांनी विचारलं. "फोन इथूनच गेला असणार. तुम्हाला माहीत असणारच."

"माहीत असलं तरी सांगणार नाही."

"का?"

मी शेठजींकडे बघितलं, मग लाकूडवाल्यांकडे. म्हटलं, "उद्या तुमच्याबद्दल कुणी विचारायला आलं, तर मी सांगावं का?"

शेठ खिशातला रुमाल काढून कपाळ पुसायला लागले. आतल्या खोलीत झडप पडल्याचा आवाज आला आणि साहेबांनी "बोला" म्हटलेलं स्पष्ट ऐकू आलं. मिलमालक मात्र माझ्याकडे रोखून बघत होते. माझं वाक्य त्यांच्या मनात कुठं तरी जाऊन बसलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "माहीत असलं तरी" म्हणजे मी कुणाला तरी झाकते आहे. मी डहाणूत कुणासाठी एवढं करीन? माझं तिथं होतं कोण? आणि फिटची गोष्ट त्यांच्या घराबाहेर ठाऊक तरी कुणाला होती? त्यांनी हळूच मान खाली घातली. "चला," ते बाकीच्यांना म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी पायऱ्या उतरले.

दोन दिवस काही झालं नाही. मी सामान बांधायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर मिलमालक आमच्या ओटीवर उभे, आणि मावशी त्यांच्यासमोर पदर सावरत. मला बघून ते बोलायचे थांबले नाहीत, उलट आवाज जरा चढवला.

"मी चौकशी केली. या बाईंनी फोन केला नव्हता. विषय संपला."

"मग कोणी केलता?" मावशींनी विचारलं.

"विषय संपला म्हटलं ना."

माझ्याकडे न बघताच ते गेले. माफीचा शब्द त्यांनी तेव्हाही काढला नाही, पुढेही कधी नाही. मावशींचा भाचा मात्र आला नाही.

मुलगी त्यानंतर आली, एका सुटीच्या दिवशी, उघडपणे, आईबरोबर. आई मावशींकडे बसली आणि ती माझ्या स्वयंपाकघरात आली. मी तिला बसायला पाट दिला, पण माझ्या तोंडून गोड शब्द निघाला नाही.

"इतके दिवस कुठे होतीस?"

"घाबरले होते," ती म्हणाली. "फिट आली की बाबा दारं-खिडक्या लावून घेतात, कुणाला कळू नये म्हणून. मला वाटलं, हे कळलं तर मला कायमचंच कोंडतील."

"मग बाबांना सांगितलंस कसं?"

"मी नाही सांगितलं. त्यांनीच विचारलं. एक्स्चेंजमधून बाबा घरी आले त्या संध्याकाळी. 'तू होतीस का?' म्हणाले. मी हो म्हटलं."

"रागावले?"

"नाही. आत येऊन खाटेवर बसले. मग म्हणाले, 'एवढी गरमी, खिडकी उघड.'"

मी चहा ठेवला. माझा राग गेला नव्हता पण कमी झाला होता. जाताना तिनं माझा हात धरला आणि लगेच सोडला.

तिचं ते लग्न काही पुन्हा जमलं नाही. पुढे ती वडिलांच्या मिलमध्ये हिशेबाला बसू लागली. आजूबाजूच्या गावांतून भात घेऊन येणाऱ्या लोकांशी तीच बोलायची. एकदा तिला तिथं सगळ्यांसमोर फिट आली, कैनाड गावच्या एका बाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोड्या वेळानं ती उठून पुन्हा कामाला लागली, असं मी ऐकलं.

गावातल्या काहींना शेवटपर्यंत वाटत राहिलं की मीच फोन केला आणि मिलमालकांनी मोठ्या मनानं सोडून दिलं. कापडवाल्या शेठजींचं मत निराळं झालं असावं. ते फोनवर निर्धास्तपणे बोलू लागले, इतके की मलाच कान काढून घ्यावा लागायचा. यजमानांनी मुंबईचं नाव पुन्हा काढलं नाही. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, पण पुष्कळ उशिरा, त्या मुलीनं स्वतः "सांगा त्यांना" म्हटल्यावर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी तेव्हा विचारायला नको होतं."

"हो," मी म्हटलं. "नको होतं."

आणि आम्ही दोघं पावट्याच्या शेंगा सोलत बसलो.