कैऱ्यांवरचा पांढरा दगड

माझी मुलगी कुठे पुरली आहे, हे मला जवळजवळ वर्षभर माहीत नव्हतं. आयर्लंडमधल्या आमच्या या नावन गावातच कुठेतरी, एवढंच ठाऊक. ती पोटातच गेली, सातवा संपत आला असताना. तान्ह्या जिवाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, त्यामुळे इथल्या लोकांनाही आमचं काही वेगळं वाटलं नाही. पुरायला नवरा एकटाच गेला. सासूबाईंनी अमरावतीहून फोनवर बजावलं होतं की आईनं मसणात जायचं नसतं आणि बारसं न झालेल्याचं नाव घ्यायचं नसतं. मी अंथरुणाला खिळलेली, भांडायचंही त्राण नव्हतं. एरवी मी ऐकून घेणाऱ्यांतली नाही, पुण्याची आहे.

पुढे विचारायचं राहूनच गेलं. नवरा डॉक्टर, दिवसभर इतरांच्या नातेवाइकांना वाईट बातम्या समजावून सांगणार आणि घरी आला की तोंडात मिठाची गुळणी. मी डब्लिनजवळ सिटीवेस्टला नोकरीवर पुन्हा जायला लागले. कशी आहेस, असं कोणी विचारलं की 'ग्रँड', म्हणजे मजेत, म्हणायचं, इथे तेवढं पुरतं.

२०१७च्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या. सहावारीवर लेकाचं जुनं जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. मला जवळ घेऊन त्यांनी पाठीवरून हात फिरवला, पण त्या विषयाचं अवाक्षर काढलं नाही. तिघं जण घरात बसलो की भिंती अंगावर यायच्या, म्हणून नवऱ्याने दर रविवारी गाडी काढायला सुरुवात केली.

आमच्या मीथ परगण्यात गाडी कुठेही वळवा, काहीतरी पडकं दिसतंच. ट्रिमचा किल्ला झाला, नदीकाठचा ओसाड मठ झाला, लॉकक्रूच्या टेकडीवरची दगडी थडगी झाली. नवरा प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायचा आणि आईला मराठीत सांगायचा. "पडक्या भिंती पाह्याले इतक्या दूर आणलं काय रे मले?" असं त्या म्हणायच्या, पण चढायच्या मात्र माझ्यापुढे. मी मागून चालायची. मेंढ्या, हिरवं गवत, वारा, सगळं सुंदर होतं आणि मला त्याचा राग यायचा.

आम्ही किल्ला बघायचो तेव्हा सासूबाईंची नजर जमिनीवर असायची. डब्लिनच्या दुकानातून त्यांनी कैऱ्या आणवून काचेच्या बरणीत खारात घातल्या होत्या. कैऱ्या वर आल्या तर नासतात, त्यांच्यावर दडपण हवं, आणि दडपणाला गुळगुळीत, जड, बरणीच्या तोंडातून जाईल असा दगडच हवा. वाटी चालणार नाही, बशी चालणार नाही. नवराही तसाच. सोमवारी वॉशिंग मशीन खडखडायचं, बघावं तर त्याच्या पँटच्या खिशात खडे. "लहान आहेस का?" मी खेकसायची. तो खडे पुसून घ्यायचा आणि कुठेतरी ठेवून द्यायचा. जशी आई तसा लेक, असं म्हणून मी सोडून दिलं.

एका रविवारी एका अरुंद रस्त्यावर छप्पर उडालेलं जुनं चर्च दिसलं. पाटी नाही, माणूस नाही. नवरा खिडकीच्या कमानीचा फोटो काढत राहिला आणि आम्ही दोघी फाटक उघडून मागच्या शेतात गेलो. तिथे थोडी उंच, गोल जागा होती, कडेला काटेरी झाडं. गवतात पांढरेशुभ्र दगड पडले होते, लहान लहान. सासूबाईंनी एक उचलला, तळहातावर तोलला. "पाय बरं, कसा गोमटा हाये," त्या म्हणाल्या. मी पर्स उघडून धरली.

दगड उकळत्या पाण्यातून निघून बरणीत बसला. चार-पाच दिवसांनी शेजारच्या आयरिश आजी आमचा डबा परत द्यायला आल्या आणि चहाला थांबल्या. बरणी ओट्यावरच होती. हा काय प्रकार, त्यांनी विचारलं. मी कौतुकाने सगळं सांगितलं, कैऱ्या, दडपण, चर्चमागचं शेत. आजींनी हातातला कप खाली ठेवला.

त्या शेतात बाळं आहेत, त्या म्हणाल्या. बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेलेली. अशा बाळांना पूर्वी चर्चच्या आवारात जागा मिळायची नाही. मग बाप अंधार पडल्यावर एकटाच पेटी घेऊन जायचा, पुरायचा आणि खूण म्हणून पांढरा दगड ठेवायचा. आईला कोणी नेत नसे. त्यांच्या स्वतःच्या आईचं एक बाळ असंच कुठेतरी होतं, कुठे ते तिला मरेपर्यंत कळलं नाही.

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मराठीत सांगायला लागले आणि 'आईला कोणी नेत नसे' इथे मला रडू फुटलं. वर्षभर मी कोणासमोर रडले नव्हते, त्या दिवशी दोन म्हाताऱ्यांसमोर रडले. आजी माझा खांदा थोपटत राहिल्या. सासूबाईंनी खारात हात घालून दगड काढला, नळाखाली धुतला, पदराने पुसला आणि मांडीवर घेऊन बसल्या. "माह्या हातून काय झालं व हे," एवढंच म्हणाल्या. बरणीतल्या कैऱ्या हळूहळू वर आल्या, कोणी लक्ष दिलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दगड परत ठेवायला निघालो. मागच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवर तो रुमालात होता आणि शेजारी दुधाची छोटी बाटली. नावन मागे पडल्यावर त्या खिडकीबाहेर बघत बोलायला लागल्या. "तुह्या आधी एक झालं होतं मले. पोरगाच होता. तुह्या बाबानं अन् आजोबानं नेलं. कुठी पुरलं, मले सांगतलं नाई. मीबी इचारलं नाई. इचारायचं नसते म्हणत." नवऱ्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. आपल्याला मोठा भाऊ होता, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. थोड्या वेळाने त्याने परत गाडी सुरू केली.

दगडाची जागा सापडेल का, याची मला धास्ती होती. पण दगड उचललेल्या ठिकाणी गवत पिवळं पडलं होतं. मीच ठेवते म्हटलं. गुडघे टेकून तो बरोबर त्या पिवळ्या खुणेवर बसवला. सासूबाईंनी त्याच्यावर थोडं दूध सोडलं, हात जोडले आणि बाटलीचं झाकण परत लावलं. दूध निम्मं शिल्लक होतं.

"आता आपल्या लेकराकडे चाल," त्या मुलाला म्हणाल्या.

तो जागचा हलला नाही. "आई, तूच म्हणाली होतीस..."

"म्हनलं होतं. चुकलं माह्यं. चाल."

दफनभूमी आमच्या घरापासून इतकी जवळ होती की मला त्याचा संताप आला. रोज कामाला जाताना मी त्या भिंतीजवळून जात होते. एका कोपऱ्यात लहान मुलांची जागा होती, कागदी भिरभिरी, टेडी बेअर, रंगीत दिवे. आमच्या लेकीच्या जागेवर फक्त एक छोटी पाटी, 'बेबी' आणि पुढे आडनाव. पण पाटीच्या पुढे खड्यांची रांग होती. त्यातला एक लालसर खडा मी लगेच ओळखला. मशीनमधून मीच काढून त्याच्या अंगावर फेकला होता.

"कधी येतोस?" मी विचारलं.

"ड्युटी सुटली की." तो पाटीकडे बघत होता. "किल्ल्यातले नाहीयेत हं, तिथलं काही उचलू नये. पार्किंगमधले आहेत. आपण जिथे जिथे गेलो तिथले. आपण फिरतोय आणि तिला एकटीलाच घरी ठेवलंय, असं नको वाटायला."

मी त्याचा हात धरला. वर्षभर हा माणूस माझ्या शेजारी झोपत होता.

सासूबाईंनी बाटली माझ्या हातात दिली. "तू घाल. माय हायेस तू." मी दूध घातलं. माती ते लगेच प्यायली.

"मनात नाव काय धरलं होतं व?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. नवऱ्यालाही ते तेव्हाच कळलं.

"आत्या नाई इथं, मीच करतो," असं म्हणून सासूबाई गुडघ्यावर हात देत खाली बसल्या, ओणव्या झाल्या आणि गवताला तोंड लावून त्यांनी 'कुर्रर्र' केलं. मग तिच्या कानात तिचं नाव सांगितलं.