गुलाबीसर काचांचा चष्मा

मला लाल रंग नीट दिसत नाही, हे सोनपेठला दवाखाना टाकला तेव्हा फक्त बायकोला ठाऊक होतं. अंगावर उठलेलं पुरळ, जखमेभोवतीची लाली मला कातडीच्याच रंगाची दिसते. म्हणून मी पेशंटलाच विचारायचो, रंग कसा वाटतोय तुम्हाला? लोकांना वाटायचं, डॉक्टर लय बारकाईनं चौकशी करतात. कुणी "तुमीच बघा की" म्हणालं की मात्र हात लावून कातडी गरम लागते का, एवढंच बघायचो.

दोन वर्षांपूर्वी एक चष्मा मागवला. त्याच्या गुलाबीसर काचा काही रंग अडवतात, त्यामुळं कातडीखालचं रक्त उठून दिसतं. पहिल्यांदा घातला तेव्हा बायको चहा घेऊन आली होती. तिच्या मनगटावर तव्याचा चटका होता, चार दिवसांचा. तो मला त्या दिवशी दिसला. पेशंटना सांगितलं, उजेडाचा त्रास होतो.

एका बाजाराच्या दिवशी शेजारच्या गावातली एक सून सासऱ्यांना घेऊन आली. अन्न जात नव्हतं, अंगाला खाज होती. चष्म्यातून पाहिलं, पुरळ नव्हतं. पित्ताच्या गोळ्या लिहायला लागलो.

"मामांचे डोळे पिवळे दिसायलेत ना?" ती म्हणाली.

मी पुन्हा पाहिलं. पांढरे होते. चष्मा काढला, तर हळदीसारखे पिवळे. लाल दाखवणारी काच पिवळा गिळते, हे चष्म्यासोबतच्या कागदावर मी वाचलेलं होतं.

"चष्म्यातून दिसलं न्हाई का?" तिनं हळूच विचारलं.

म्हातारा माझ्याकडं बघत होता. "नाही," मी म्हणालो, "आणि चष्मा काढला की मला लाल दिसत नाही."

मग मामांचं काय करायचं, एवढंच तिनं विचारलं. चिठ्ठी फाडून मी त्यांना रक्त तपासायला परभणीला पाठवलं. कावीळच निघाली. दीड महिन्यात ते बरे झाले.

ती कुणाला बोलली की नाही, कळलं नाही. मी मात्र रोज वाट बघायचो, आज कोण विचारतंय याची. प्रत्येक पेशंटला चष्मा घालून एकदा, काढून एकदा बघायचो.

मागच्या महिन्यात ती आपल्या मुलीला घेऊन आली. पोरीला ताप होता. मी काही विचारण्याआधीच तिनं झग्याचं बटण काढलं आणि बाहेरच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "छातीवर लाल हाय, डॉक्टर. पाठीवर न्हाई."

मी खाली मान घालून लिहून घेतलं.