शिरस्त्राणातला धूप

मुलीच्या बाळंतपणासाठी मी जपानला आले होते. बाळानं मान धरली, तशी एका दुपारी ती आम्हाला जवळच्या संग्रहालयात घेऊन गेली. काचेमागे एका सामुराईचं चिलखत बसवून ठेवलं होतं, पाठ ताठ, हात मांड्यांवर. आत कुणीच नव्हतं. शिरस्त्राणाखाली चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख होता, तरी मी नकळत आवाज खाली आणला.

तिथं देखरेखीला असलेल्या वयस्कर बाई मुलीशी काही बोलल्या. ती जरा घुटमळली, मग म्हणाली, "आई, शेवटच्या लढाईला निघताना काही जण शिरस्त्राणाला धूप द्यायचे म्हणे. शत्रूनं डोकं कापून नेलंच, तर त्याला घाण वास येऊ नये म्हणून."

"स्वतःच्या डोक्याचा?"

"हो."

या योद्ध्यांच्या तलवारी उरल्या, नावं उरली. पण ते शिरस्त्राण धुरावर कुणी धरलं असेल? घरातल्याच कुणीतरी. जे डोकं परत यायचं नाही, त्याच्यासाठी. ते हात काही केल्या माझ्या मनातून जाईनात.

दुसऱ्या दिवशी बाळाला न्हाऊ घातलं. नेहमीसारखी ओव्याची धुरी केली, ओंजळीनं धूर त्याच्या जावळात भरला आणि टाळू हुंगायला वाकले. तशीच थांबले.

"काय झालं गं?" मुलीनं विचारलं.

मी निखाऱ्यांवर पाणी ओतलं.